दुकानदारीही शिकावी लागते

वागळे इस्टेट म्हटले की ठाण्यातल्या वडीलधाऱ्यांना कारखान्याचा भोंगा आठवतो. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ सालची आणि ही त्याची सुरुवातीची वसाहत. हाजुरी, किसननगर, राबोडीच्या घरांतून कुणी फिटर, कुणी टर्नर म्हणून इथे रोजीला लागले. आता बरेच कारखाने गेले, तिथे कार्यालये आली. त्या कामगारांची नातवंडे आज मॉलमध्ये आणि सुपरमार्केटमध्ये काम शोधतात.

"बाई, मुलगी काउंटरवर उभी राहणार, त्याला कॉलेज कशाला?" असे पालक आम्हाला विचारतात. प्रश्न रास्त आहे. बारावीनंतर नोकरी लगेच मिळते, घराला पगाराची गरज असते. पण नुसते काउंटरवर लागलेले मूल पाच वर्षांनी बहुधा तिथेच उभे दिसते. रिटेल मॅनेजमेंट शिकलेल्याला पुढची पायरी माहीत असते.

तिथे शिकवतात तरी काय? आलेला माल मोजून घेणे, जुना माल आधी विकणे, कोणती वस्तू कोणत्या फळीवर ठेवायची, जीएसटीचे बिल, तक्रार घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाशी बोलणे. आणि हिशेब. समजा, ८५ रुपयांना घेतलेली वस्तू आपण १०० ला विकतो. अशी एक वस्तू चोरीला गेली किंवा तारीख उलटून फुकट गेली, तर ते नुकसान भरायला आणखी सहा वस्तू विकाव्या लागतात. हे गणित घरच्या किराणा दुकानालाही तितकेच लागू आहे.

कम्युनिटी कॉलेजची कल्पना अमेरिकेतली. तिथले जोलिएट ज्युनियर कॉलेज १९०१ साली सुरू झाले. घराजवळ, कमी खर्चात, कामाला उपयोगी शिक्षण हा त्यामागचा विचार. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने बाराव्या पंचवार्षिक योजनेत अशी महाविद्यालये मंजूर केली आणि २०१४ मध्ये बी.व्होक. ही पदवीही आणली. तिच्यात साधारण साठ टक्के भाग कौशल्याचा, चाळीस टक्के सामान्य शिक्षणाचा. एक वर्ष पूर्ण केले तर पदविका, दोन वर्षांनी प्रगत पदविका, तीन वर्षांनी पदवी. घरच्या अडचणीमुळे मध्येच थांबावे लागले तरी झालेले वर्ष वाया जात नाही. आपल्या घरांसाठी हीच मोठी गोष्ट आहे.

मात्र "रिटेल मॅनेजमेंट" अशी पाटी लावलेला प्रत्येक क्लास म्हणजे कॉलेज नव्हे. फी भरण्यापूर्वी चार गोष्टी विचारा. प्रमाणपत्रावर विद्यापीठाचे नाव असेल का? या वर्षाचे क्रेडिट पुढच्या पदवीत धरले जातील का? दुकानातले प्रशिक्षण किती महिन्यांचे आणि त्याचे विद्यावेतन मिळते का? मागच्या तुकडीतली मुले कुठे लागली? उत्तर तोंडी नको, लेखी मागा.

मुलींच्या पालकांनी आणखी थोडे जाणून घ्यावे. रविवारी आणि सणाच्या दिवसांत दुकानात गर्दी असते, म्हणून सुट्टी बहुधा आठवड्यामध्ये मिळते. रमजानमध्ये इफ्तारच्या वेळी पाळी कशी असेल, हे आधीच बोलून घ्यावे. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊनंतरच्या कामासाठी स्त्रीची संमती आणि सुरक्षिततेची व्यवस्था आवश्यक धरली आहे. केरळमध्ये तर दुकानांतल्या बायकांनी बसायला खुर्ची मिळावी म्हणून लढा दिला आणि २०१८ मध्ये तिथल्या कायद्यात तो हक्क आला. कायदा माहीत असलेली मुलगी अडून राहत नाही.

आणि मुलाने नोकरी केलीच नाही, अब्बांच्या दुकानातच बसला, तरी शिक्षण वाया जाणार नाही. उधारीची वही नीट ठेवणे, माल वेळेवर मागवणे, माप चोख देणे यातूनच गिऱ्हाईक टिकते आणि रोजीत बरकत येते. यंदा बारावीच्या निकालानंतर घरात बोलणे होईल, तेव्हा डॉक्टर-इंजिनियरच्या यादीत हाही एक रस्ता मुलांसमोर ठेवा.