जुनी जीप थरथरते कुठून? (जुन्या गाड्यांची देखभाल : लेखांक सातवा)

मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत इंजिनाची ताकद चाकापर्यंत पोहोचते ती लांबलचक साखळीतून. क्लच, गिअरबॉक्स, फोर-व्हील गाडी असेल तर ट्रान्स्फर केस, मग प्रॉपेलर शाफ्ट, त्याच्या दोन टोकांचे क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंट), पुढे टेल पिनियन, क्राउन, एक्सल आणि शेवटी चाक. यातला एखादा भाग वाकला, झिजला किंवा सैल झाला, की गाडी थरथरू लागते. थरथर जाणवते तिथेच दोष असेल असे मात्र नाही. लोखंडी चेसी हादरा सगळीकडे पोहोचवते. मागचा क्रॉस गेलेला असतो आणि खडखडतो तो पुढचा आरसा. म्हणूनच या दुखण्यात अंदाजाने सामान बदलणारा मालक बराच खर्च करतो आणि थरथर आहे तिथेच राहते.

एमजी किंवा अल्फा रोमिओसारखी जुनी स्पोर्ट्‌स कार आणि महिंद्राची जुनी जीप यांची ठेवण या बाबतीत एकाच घराण्यातली : पुढे इंजिन, मधून शाफ्ट, मागे डिफरेन्शियल. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात मुरलेली गाडी अर्थातच जीप. विलिस कंपनीने अमेरिकेत १९५३ साली आणलेले सीजे-३बी हे मॉडेल तिथे बंद झाल्यावरही महिंद्राने भारतात पुढे अनेक वर्षे बनवले. नंतर प्यूजो डिझेल इंजिनाच्या जीपा आल्या. मराठवाड्यात त्यांतल्या कितीतरी काळीपिवळी म्हणून धावल्या. आज ज्या उरल्या आहेत, त्या शेतावर राबतात किंवा हौसेने जपल्या जातात.

तपासणीची सुरुवात पान्याने नव्हे, रस्त्यावर करायची असते. बीड तालुक्यात त्यासाठी दोन चांगले रस्ते हाताशी आहेत. ‘धाकटी पंढरी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नारायणगडावर जाणारा चढ हा पहिला. इथे वेग कमी आणि जोर जास्त. दुसरा, बीडहून गेवराईकडे जाणारा धुळे–सोलापूर महामार्ग. इथे जोर कमी आणि वेग जास्त. गाडी गड चढताना, विशेषतः थांबून पुन्हा उचलताना थरथरत असेल आणि महामार्गावर शांत असेल, तर संशय क्रॉसच्या कोनावर, इंजिनाच्या फाउंडेशनवर (रबरी बैठकीवर) किंवा क्लचवर जातो. गडावर काही नाही, पण महामार्गावर एका ठरावीक वेगाला हादरा सुरू होतो असे असेल, तर कुठलीतरी फिरती वस्तू समतोल नाही. ही एवढी विभागणी झाली तरी अर्धे काम झाले.

उरलेले काम आकडेमोडीचे. सीजे-३बीला ६.००–१६ मापाचा टायर असतो आणि तो एका फेऱ्यात सुमारे २.२ मीटर पुढे जातो. ताशी ६० किलोमीटर वेगाला चाक मिनिटाला सुमारे ४५५ फेरे घेते, म्हणजे सेकंदाला साडेसात. या जीपच्या क्राउन-पिनियनचे प्रमाण ५.३८ आहे, त्यामुळे त्याच वेगाला प्रॉपेलर शाफ्टचे फेरे होतात मिनिटाला सुमारे २,४५० आणि सेकंदाला एकेचाळीसच्या आसपास. दोन्ही हादरे अंगाला वेगवेगळे कळतात. चाकाचा हादरा सीट आणि स्टिअरिंग हलवतो, डोळ्यांना दिसतो, जवळजवळ मोजता येतो. शाफ्टचा हादरा मोजता येत नाही. तो पायाखालच्या पत्र्यातून मुंग्या आल्यासारखा येतो आणि त्याला गुणगुणणारा आवाज असतो. क्रॉस कोनात चुकला असेल तर थरथर शाफ्टच्या दुप्पट, म्हणजे सेकंदाला ऐंशीच्या घरात जाते.

यात एक चकवा आहे. टॉप गिअरमध्ये गिअरबॉक्स सरळ जोडलेला असतो, म्हणून इंजिन आणि शाफ्ट अगदी एकाच वेगाने फिरतात. टॉपमधली थरथर इंजिनाची की शाफ्टची, हे नुसत्या अनुभवावर ठरवता येत नाही. जुनेजाणते मिस्त्रीही इथे फसतात. तोड सोपी आहे. थरथर येते तोच वेग एक गिअर खाली टाकून धरायचा. वेग तोच, पण इंजिनाचे फेरे वाढलेले. थरथर त्याच वेगाला तशीच राहिली, तर दोष गिअरबॉक्सच्या मागे. ती दुसऱ्या वेगाला सरकली, तर दोष इंजिन किंवा क्लचमध्ये. मोकळ्या, सपाट रस्त्यावर क्षणभर न्यूट्रल करूनही हेच कळते. मांजरसुंब्याच्या घाटात उतारावर हा प्रयोग कोणीही करू नये. जागेवर उभ्या गाडीत रेस केल्यावरही तीच थरथर येत असेल, तर शाफ्टकडे बघण्याचे कारणच उरत नाही. क्लचची प्रेशर प्लेट आणि फाउंडेशन बघावे.

दोष मागे आहे हे ठरले, की सर्वांत आधी गाडी धुवावी. हे वाचून हसू येईल, पण बीडच्या काळ्या मातीत ही पहिली दुरुस्ती असते. ओल्या शेतातून निघालेल्या गाडीच्या रिमला आतून माती चिकटते आणि वाळून दगडासारखी होते. शाफ्टलाही तिचा थर बसतो. मध्यापासून ४ सेंटिमीटरवर ५० ग्रॅम माती चिकटली असेल, तर २,४५० फेऱ्यांना ती शाफ्टला सुमारे १३ किलो वजनाइतक्या जोराने बाहेर ओढते, आणि तेही सेकंदाला एकेचाळीस वेळा दिशा बदलत. वेग दुप्पट झाला तर हा जोर चौपट होतो. म्हणून असमतोलाची थरथर चाळीसला कळत नाही आणि सत्तरला सहन होत नाही. माती खरवडताना शाफ्टवर वेल्ड केलेली पत्र्याची छोटी चकती सापडली, तर तिला हात लावू नये. ते समतोलाचे वजन आहे. अशी चकती गळून पडल्याची, वेल्डची उघडी खूण दिसली, तर दोष जवळजवळ सापडलाच.

आता गाडीखाली जायचे. त्याआधी जुन्या जीपची एक धोक्याची गोष्ट लक्षात घ्यावी लागते. सीजे-३बीचा हॅण्डब्रेक चाकांवर लागत नाही. ट्रान्स्फर केसच्या मागे असलेल्या ड्रमवर लागतो आणि शाफ्ट धरून ठेवतो. मागचे एकच चाक जॅकवर उचलले, की डिफरेन्शियलमुळे उचललेले चाक उलटे फिरू शकते आणि जमिनीवरचे चाक सरळ घरंगळते. हॅण्डब्रेक पूर्ण ओढलेला असतो आणि तरीही गाडी चालू लागते. चाकांना दोन्ही बाजूंनी दगड आणि चेसीखाली घोडे लावल्याशिवाय या गाडीखाली कोणी झोपू नये. हाच ड्रम शाफ्टबरोबर फिरतो, त्यामुळे त्याचे बोल्ट सैल झाले किंवा ड्रम वेडावाकडा झिजला, तर तोही थरथरीचे कारण होतो. गॅरेजमध्ये हे सहसा सर्वांत शेवटी आठवते.

क्रॉस तपासताना हॅण्डब्रेक सोडून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून शाफ्ट एका हाताने आणि क्रॉसला धरणारे योक दुसऱ्या हाताने उलटसुलट पिळावा. दोहोंच्या मध्ये जरासाही खेळ जाणवला, तर क्रॉस गेला. क्रॉसच्या बेअरिंगच्या वाटीच्या तोंडाशी लालसर भुकटी दिसली, तर आतले ग्रीस संपून बेअरिंगच्या सुया गंजल्या आहेत. मात्र खेळ नाही म्हणजे क्रॉस चांगला, असे म्हणता येत नाही. वर्षानुवर्षे एकाच कोनात चाललेल्या क्रॉसच्या दांडीवर सुयांच्या बारीक खाचा पडतात. असा क्रॉस हाताला घट्ट लागतो, पण फिरवताना ठरावीक जागी अडतो. हे कळण्यासाठी शाफ्ट काढून क्रॉस चारही बाजूंना सावकाश हलवून पाहावा लागतो. नवा क्रॉस बसवताना वाटी हातोड्याने ठोकण्यापेक्षा शिकंज्यात दाबणे बरे. ठोकताना एखादी सुई आडवी पडली, की वाटी पूर्ण आत जात नाही, लॉक खाचेत नीट बसत नाही आणि नवा क्रॉस पहिल्याच आठवड्यात आवाज करू लागतो.

शाफ्ट काढायचा असेल, तर आधी खुणा कराव्यात. हा नियम मोडल्यामुळे चांगली गाडी बिघडते, आणि तेही दुरुस्तीच्या नावाखाली. कारण समजून घेण्यासारखे आहे. साधा क्रॉस कोनात फिरला, की पुढचा भाग एकसारख्या वेगाने फिरत नाही. प्रत्येक फेऱ्यात तो दोनदा वेग घेतो आणि दोनदा मंदावतो. ३ अंशांच्या कोनाला हा चढउतार नगण्य असतो. १० अंशांना दोन्हीकडे दीड टक्का आणि २० अंशांना सहा टक्क्यांहून अधिक होतो. शाफ्टच्या दुसऱ्या टोकाचा क्रॉस नेमका उलटा चढउतार करतो आणि हिशेब शून्य होतो. पण शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक एका रेषेत असतील आणि दोन्ही कोन सारखे असतील, तरच. शाफ्टच्या स्लिपला, म्हणजे सरकत्या जोडाला, दाते असतात. ती निसटली आणि परत बसवताना एक-दोन दात पुढे-मागे झाली, तर योकची रेषा चुकते आणि दोन चढउतार एकमेकांना मारण्याऐवजी गाडीला हादरवतात. जीपच्या शाफ्टवर आणि स्लिपवर यासाठी कंपनीचे बाण कोरलेले असतात. गंजामुळे ते दिसेनासे होतात, म्हणून पॉलिश पेपरने घासून शोधावेत. न सापडल्यास छिन्नीने स्वतःची खूण करावी.

कोन चुकण्याचे सर्वांत मोठे कारण कमानपाट्यांत असते. जास्त माणसे किंवा माल नेता यावा म्हणून मागे एखाद-दोन पाने वाढवणे हा ग्रामीण भागातला सर्रास प्रकार. पाने वाढली की गाडीचा मागचा भाग उंचावतो, शाफ्टचा उतार वाढतो आणि क्रॉसवर जादा कोन येतो. त्यात पाट्यांची बैठक तिरकी झाली, तर टेल पिनियनचे तोंडही वळते. उलट, थकलेले पाटे बसले की कोन दुसऱ्या बाजूला जातो. पाट्याचा मधला बोल्ट तुटला असेल, तर अख्खा एक्सल हौसिंगच मागेपुढे सरकतो. हौशी मंडळी हल्ली जीप उंच करण्यासाठी लांब शॅकल लावतात. त्याचा परिणाम असाच होतो. ट्रान्स्फर केसचा आउटपुट आणि पिनियन या दोहोंचे कोन मोबाइलमधल्या लेव्हल ॲपनेही कामापुरते मोजता येतात. गाडी चारही चाकांवर सपाट जागी उभी असावी आणि तिच्यावर नेहमीचे ओझे असावे. जॅकवर लोंबकळणाऱ्या हौसिंगचे माप घेण्यात अर्थ नाही. दोन्ही रेषा समांतर नसतील, तर पाटा आणि हौसिंगची बैठक यांमध्ये योग्य कोनाची लोखंडी पाचर घालून पिनियनचे तोंड वळवता येते. मात्र आधी पाटे आणि फाउंडेशन ठीक करावेत. फाटलेल्या फाउंडेशनवर इंजिन जोर लागताच उचलले जाते, म्हणजे सपाटीवर मोजलेला कोन गडाच्या चढावर राहतच नाही.

फोर-व्हील जीपमध्ये संशयितांची संख्या दुप्पट होते. पुढच्या हबला लॉक-अनलॉकची सोय नसेल, तर टू-व्हीलवर चालतानाही पुढची चाके पुढचा शाफ्ट फिरवत राहतात. त्याची परीक्षा सोपी : पुढचा शाफ्ट सोडवून बाजूला ठेवायचा आणि त्याच रस्त्यावरून गाडी न्यायची. थरथर गेली तर तो गुन्हेगार.

क्रॉस, योक, कोन सगळे ठीक असूनही थरथर राहिली, तर शाफ्ट वाकला असावा. पाइपला डायल गेज लावून शाफ्ट हाताने फिरवावा. अर्ध्या मिलिमीटरच्या आत फरक असेल तर चिंता नाही. त्याहून बराच जास्त असेल तर बॅलन्सिंगच्या दुकानात पाठवणे श्रेयस्कर. थोड्या असमतोलावर गॅरेजचा एक जुना उपाय चालतो. शाफ्टच्या मागच्या टोकाला होज क्लिप आवळून गाडी चालवून पाहतात, मग तिचे स्क्रूचे डोके पाव-पाव फेरा सरकवत थरथर सर्वांत कमी होणारी जागा शोधतात. हा उपाय ओबडधोबड असला तरी खोटा नाही.

स्पोर्ट्‌स कारमध्ये तत्त्व हेच, भाग मात्र बदलतात. जुन्या अल्फा रोमिओत शाफ्टच्या पुढच्या टोकाला रबरी कपलिंग असते. गाडी वर्षभर झाकून ठेवली तरी त्याचे रबर तडकतेच, कारण ते नुसत्या धावण्याने नव्हे, वयानेही म्हातारे होते. पोर्शेच्या १९७६च्या ९२४ मध्ये गिअरबॉक्स मागे असल्याने मधला शाफ्ट नेहमी इंजिनाच्याच वेगाने फिरतो. तिथे वर सांगितलेली गिअर बदलण्याची परीक्षा शाफ्टला निर्दोष ठरवून मोकळी होईल. आणि बंगळुरूच्या सॅन मोटर्सच्या स्टॉर्मसारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या दोन-आसनी गाडीत प्रॉपेलर शाफ्टच नसतो; ॲक्सिलरेटर दाबल्यावर येणारी थरथर तिथे बहुधा ड्राइव्ह शाफ्टच्या आतल्या जॉइंटमधून येते.

राहिला डिफरेन्शियल. तिथला दोष थरथरीपेक्षा घरघरीने बोलतो : ॲक्सिलरेटर दाबल्यावर एक सूर, सोडल्यावर दुसरा. टेल पिनियनचे योक वरखाली हलत असेल किंवा तिथून ऑइल गळत असेल, तर पिनियनचे बेअरिंग सैल आहे. बेअरिंग वेळीच बदलले, तर क्राउन वाचतो. दाते खाल्ले गेले असतील, तर क्राउन आणि पिनियन जोडीनेच बदलावे लागतात, कारण ती जोडी कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेली असते. जुन्या बाजारातून एकच दातेरी चाक स्वस्तात आणून बसवले, तर थरथर जाईल, पण तिच्या जागी आलेली घरघर गाडी विकेपर्यंत सोबत राहील.