पुढच्या चाकाचा आवाज काय सांगतो?

बऱ्याच बचत गटांकडे आता मालाची ने-आण करायला एखादी जुनी गाडी असते. मसाले, पापड, शेवया घेऊन ती आठवडे बाजाराला जाते, प्रदर्शनाला जाते. गाडीचं वय झालं की एक दिवस पुढच्या चाकातून आवाज येऊ लागतो. कुणी म्हणतं टायर बदला. टायर बदलले तरी आवाज तसाच. मग शॉकअप, मग बेअरिंग. एका आवाजापायी तीन बिलं होतात आणि महिन्याचा नफा गाडीतच जातो. शिवाय त्याच गाडीत आपल्या बायका बसतात, तेव्हा प्रश्न जिवाचाही आहे.

दुरुस्ती आपल्याला करायची नाही. आवाज कुठून येतो एवढं ओळखायचं आहे. पिठाची गिरणी चालवणारीला बेअरिंग वाजायला लागलं की लगेच कळतं. शिलाई मशीन बिघडलं तर कापड बघायच्या आधी कानाला समजतं. तोच कान गाडीला लावायचा. आवाज कसा आहे यापेक्षा तो कधी येतो, हे जास्त महत्त्वाचं.

आमच्या वाघोलीत आम्ही आधी खडा शोधतो. नगर रस्त्यावर खडी वाहणारे डंपर सारखे ये-जा करतात आणि खडी रस्त्यावर सांडते. बारका खडा टायरच्या खाचेत रुतला, तर चाकाच्या दर फेऱ्याला टिक टिक होतं. ब्रेकची डिस्क आणि तिच्यामागचा पत्रा यांच्यात तो अडकला, तर तवा खरवडल्यासारखा आवाज येतो. पुष्कळदा गाडी जरा मागे घेतली की खडा पडून जातो. खर्च काही नाही.

वेग वाढेल तसा घूंऽऽ असा आवाज वाढत असेल, तर टायर किंवा बेअरिंग. यातला फरक ओळखायला रस्ता बघा. गुळगुळीत डांबरावर आवाज बदलला, तर टायर एका बाजूने झिजलेलं असू शकतं. रस्ता बदलूनही आवाज तोच राहिला, तर बेअरिंगचा संशय घ्या. आता कोणत्या बाजूचं? एसटी डावीकडे वळली की आपण उजवीकडे कलतो ना, तसाच गाडीचा भारही उजव्या चाकांवर जातो. म्हणून डाव्या वळणावर आवाज वाढला तर बहुधा उजवं बेअरिंग, उजव्या वळणावर वाढला तर डावं.

ब्रेक दाबल्यावरच खरखर होत असेल, तर ब्रेक पॅड झिजून लोखंडाला लोखंड घासत असेल. खड्ड्यातून जाताना खटखट होत असेल, तर खालच्या आर्मचे रबरी बुश किंवा बॉल जॉइंट सैल झालेला असतो.

पूर्ण वळण घेऊन गाडी पुढे काढताना कट कट कट आवाज आला, तर एक्सलचा जॉइंट बघायला सांगा. त्यावरचं रबर फाटलं की ग्रीस उडतं आणि चाकाच्या आतल्या बाजूला काळं तेलकट लागलेलं दिसतं. पण हे मारुती ८००, ऑल्टो, वॅगनआर अशा गाड्यांचं, कारण त्या पुढच्या चाकांच्या जोरावर चालतात. ओम्नी १९८४ पासून २०१९ पर्यंत निघाली, म्हणून ती अजूनही गावोगाव दिसते. तिला आणि ईकोला जोर मागच्या चाकांचा. त्यांच्या पुढच्या चाकांना असा एक्सल नसतोच. तेव्हा ओम्नीचा आवाज ऐकून कुणी ‘पुढचा एक्सल गेला’ म्हणालं, तर ‘दादा, दाखवा बरं कुठला?’ असं खुशाल विचारा.

घरी करण्यासारखी एक तपासणी आहे. गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड. पुढचं एक चाक जॅकवर उचला. चाक वर आणि खाली धरून हलवा. खुळखुळलं तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. डावी-उजवीकडे धरल्यावरच हललं, तर स्टेअरिंगचा टाय रॉड. मग गिअर न्यूट्रलला ठेवून चाक हाताने फिरवा आणि खरखर येते का ऐका. गाडीत तेव्हा कुणी बसायचं नाही, आणि जॅकवरच्या गाडीखाली कुणी शिरायचं नाही.

हे सगळं वहीत लिहा. आमच्या गटाच्या व्हॅनबद्दल बायकांनी एवढंच लिहिलं होतं: ‘ताशी ४० च्या पुढे घुमतं. क्लच दाबला तरी थांबत नाही. ब्रेकने फरक नाही. डाव्या वळणावर वाढतं.’ क्लच दाबूनही आवाज राहिला, म्हणजे तो इंजिनाचा नव्हता. गॅरेजवाल्या दादांनी वाचून सरळ उजवं चाक उचललं. बेअरिंगच होतं. एकच बिल झालं.

बेअरिंग एकाच बाजूचं गेलं असेल, तर तेवढंच बदललं तरी चालतं. ब्रेक पॅड मात्र दोन्ही बाजूंचे एकदम बदलावे लागतात, नाहीतर ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते. काढलेला जुना भाग मागून घ्या, बिल लेखी घ्या.

आणि तीन वेळा गाडी अजिबात पुढे न्यायची नाही. चाक डगमगत असेल आणि नट सैल वाटत असतील तेव्हा. ब्रेक दाबल्यावर लोखंड घासत असेल तेव्हा. थांबल्यावर एकाच चाकापाशी भाजल्यासारखी धग येत असेल तेव्हा; त्याला हात लावू नका. बाजार एक दिवस बुडला तर पुढच्या आठवड्यात भरून निघतो.

पुढच्या बैठकीत हिशेबाच्या वहीसोबत गाडीचीही एक वही सुरू करा. पहिल्या पानावर तारीख, किलोमीटर आणि कानाला जे ऐकू आलं ते लिहा.