बाटलीबरोबर आलेले शिपाई

दिवाळी आठ दिवसांवर आली म्हणजे आमच्या शेळगांवांत अंगणाअंगणांतून मातीचीं घमेलीं फिरूं लागतात. इंदापूर तालुक्याचा हा मुलूख भीमा आणि नीरा या दोन नद्यांमधला, सपाट. डोंगरी किल्ला पाहावयाचा तर मुलांना कितीतरी कोस पश्चिमेकडे जावें लागतें. परंतु ज्या मुलांनीं खरा किल्ला डोळ्यांनीं पाहिलेला नाहीं, तींच किल्ला बांधण्यांत अधिक रंगतात असा माझा अनुभव आहे. विटांचे तुकडे रचावयाचे, त्यांवर जुनें पोतें अंथरावयाचें, वरून चिखल लिंपावयाचा, उतरणीवर हळीव आणि मोहरी पेरावयाची, आणि हिरवळ उगवली कीं माथ्यावर महाराजांना सिंहासनावर बसवावयाचें. पायथ्याशीं मावळे, दरवाजाशीं भालदार, बुरुजावर तोफा. शहाजीराजांच्या जहागिरींत पुणें आणि सुपें यांजबरोबर इंदापूरहि होतें, आणि महाराजांचे आजोबा मालोजीराजे यांची गढी इंदापुरांतच. तेव्हां आमचीं मुलें हा खेळ परक्या मुलुखाचा म्हणून खेळत नाहींत.

गेल्या दिवाळींत या किल्ल्यावरून आमच्या घरांत एक वाद झाला. वाद लहानसाच, पण त्यांतून निघालेला प्रश्न लहान नव्हे असें वाटल्यावरून तो वाचकांपुढें मांडीत आहें.

माझा पुतण्या नोकरीच्या निमित्तानें वर्षांतून दोन-तीनदां परदेशीं जातो. सणासाठीं तो आला तेव्हां त्याच्या सामानांत एक पुठ्ठ्याची पेटी होती. तींत कापसांत गुंडाळलेले अकरा शिपाई निघाले. प्रत्येक शिपाई बोटभर उंचीचा, प्लॅस्टिकचा, पण रंगकाम इतकें नाजूक कीं कोटाचीं बटणें मोजून घ्यावींत. कोणी स्कॉटलंडांतील चौकड्यांचा घागरा नेसून मशकवाद्य वाजवीत उभा, कोणी संगीन रोखलेला, कोणी गळ्यांत पडघम अडकविलेला. मुलांनीं उड्याच मारल्या. माझा नऊ वर्षांचा नातू म्हणाला, “आजोबा, हे आपल्या दरवाजावर पहाऱ्याला!”

मीं सहज विचारलें, “कोठें मिळाले रे हे?”

पुतण्या थोडा घुटमळला. मग म्हणाला, “काका, विकत नाहीं घेतले. व्हिस्कीच्या बाटलीबरोबर एकेक फुकट मिळतो.”

आतां आमच्या घरांत सोवळें-ओंवळें पूर्वींइतकें राहिलें नाहीं, आणि कोण परदेशीं काय घेतो याची चौकशी करण्याचे दिवसहि गेले. तरी मद्याच्या दुकानाची फौज महाराजांच्या पायथ्याशीं उभी करावयाची, हें माझ्या मनास रुचेना. मीं तसें बोलून दाखविलें. मुलें हिरमुसलीं. तेवढ्यांत थोरल्या वहिनी, म्हणजे पुतण्याच्या मातोश्री, चकल्यांचा सोऱ्या हातांत घेऊनच ओसरीवर आल्या. त्या म्हणाल्या, “भावजी, बाटलींतून तर नाहीं ना आले ते? बाटलीच्या गळ्याशीं बांधून आले. त्या बिचाऱ्यांचा काय दोष! स्वच्छ धुवा आणि उभे करा.” वहिनींच्या या निवाड्यावर अपील नव्हतें. शिपाई धुतले गेले आणि दरवाजाशीं उभे राहिले.

गोष्ट येथेंच संपली असती. पण पेटीच्या झांकणावर बारा शिपायांचीं चित्रें छापलेलीं होतीं, आणि नातवानें तीं मोजलीं. बारावा घोडेस्वार होता. तो पेटींत नव्हता. नातवानें काकांच्या खांद्यावर हात ठेवून मोठ्या लाडिकपणें म्हटलें, “काका, मग आणखी एक बाटली आणा ना! तींत घोडेस्वार निघेल.”

ओसरीवर कोणी बोललें नाहीं. वहिनींच्या हातांतला सोऱ्या तसाच राहिला. मूल निर्मळ मनानें बोललें होतें; त्याला बाटलीशीं कांहींच कर्तव्य नव्हतें, त्याला घोडा हवा होता. पण त्या घराण्यांत, त्या ओसरीवर, “आणखी एक बाटली आणा” हें वाक्य पहिल्यानें उच्चारलें गेलें, आणि तें एका नऊ वर्षांच्या मुलाच्या तोंडून.

त्या रात्रीं मीं पुतण्याला एकांतीं विचारलें, “अकरा शिपायांना बाटल्या किती लागल्या?” तो ओशाळून म्हणाला, “एकवीस.” शिपाई बंद वेष्टनांत असे, कोणता निघेल तें आधीं कळत नसे, मशकवाला तर चार वेळां निघाला. “काका, मी फार पिणारा नाहीं. आधीं बाटलीबरोबर शिपाई येत होता. पुढें पुढें शिपायाबरोबर बाटली येऊं लागली. आणि विकत घेतलेली बाटली कोणीतरी संपवावीच लागते.”

त्याचें हें शेवटचें वाक्य मला फार मोलाचें वाटलें. शिक्षकाच्या संवयीनें मीं कागद घेऊन गणित मांडलें. बारा प्रकारचे शिपाई सारख्याच संख्येनें वांटले आहेत असें धरूं. पहिल्या बाटलीला नवा शिपाई मिळणारच. परंतु अकरा जमल्यावर बारावा मिळण्याचा संभव बारांत एक. म्हणजे त्या एकट्यासाठीं सरासरीनें बारा बाटल्या हव्यात. अकराव्यासाठीं सहा, दहाव्यासाठीं चार. अशी सर्वांची बेरीज केली तर सदतीस भरते. बारा शिपायांचा संच पुरा करावयास सरासरीनें सदतीस बाटल्या, आणि त्यांतल्या जवळजवळ एकतृतीयांश केवळ शेवटच्या शिपायापायीं! व्यापारी खेळणें फुकट देतो खरें. पण जें खेळणें आपल्यापाशीं नाहीं, त्याची किंमत तो पुरेपूर वसूल करतो.

ही युक्ति आजची नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेंत आणि इंग्लंडांत सिगारेटचें मऊ पाकीट चुरगळूं नये म्हणून आंत एक जाड कागदाचा तुकडा घालीत. त्या तुकड्यावर पुढें चित्रें छापलीं जाऊं लागलीं, चित्रांना क्रमांक आले, क्रमांकांच्या मालिका झाल्या. त्यांत नाना पलटणींच्या शिपायांच्या मालिका विशेष लोकप्रिय होत्या. इंग्लंडांतील शाळकरी मुलें तंबाखूच्या दुकानाबाहेर उभीं राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांपाशीं तीं चित्रें मागत असत. दुसऱ्या महायुद्धांत कागदाची टंचाई पडली तेव्हां कोठें ती चाल थांबली. युद्धानंतर जर्मनींत मार्गरीनच्या पुड्याबरोबर प्लॅस्टिकच्या चिमुकल्या मूर्ति मिळूं लागल्या, फ्रान्सांत कॉफीच्या पुड्यांतून इतिहासांतील स्त्री-पुरुष निघूं लागले. ‘व्हाइट हॉर्स’ या नांवाच्या स्कॉच व्हिस्कीच्या बाटलीच्या गळ्यांत एक पांढरा प्लॅस्टिकचा घोडा अडकविलेला असे. आपल्याकडेहि इंग्रजी अमदानींत मँचेस्टरचें कापड आलें म्हणजे त्यावर देवादिकांचीं रंगीत चित्रें डकविलेलीं असत, आणि कापड फाटून गेलें तरी चित्र घरांत राही.

मग दुसऱ्यांकडे बोट दाखवावयाचें कशाला? मी स्वतः या जाळ्यांत सांपडलेला आहें. माझ्या पिढींतील वाचकांना बिनाका टूथपेस्ट आठवत असेल. सिबा या कंपनीची ती पेस्ट. १९५२ पासून रेडिओ सिलोनवर तिच्या नांवानें ‘बिनाका गीतमाला’ लागे, आणि अमीन सयानींचा आवाज ऐकण्यासाठीं बुधवारीं रात्रीं घरोघर माणसें रेडिओपाशीं जमत. त्या पेस्टच्या खोक्यांत प्लॅस्टिकचा एक इवलासा प्राणी निघे: कधीं हत्ती, कधीं जिराफ, कधीं पक्षी. आमचे आजोबा राखुंडीनें दांत घाशीत. पेस्ट शहरांतल्या काकांच्या आग्रहानें घरांत आली. आम्हां चुलत भावंडांना दांतांचें सोयरसुतक नव्हतें. नवें खोकें कधीं उघडेल, एवढाच ध्यास. एके दिवशीं मीं अर्धी नळी मोरींत पिळून टाकली, नवें खोकें फोडलें आणि तांबडा हत्ती खिशांत घातला. संशय धाकट्या चुलत भावावर आला. आजोबांनीं त्याला दोन ठेवून दिल्या. मी दाराआड उभा राहून पाहत होतों. बोललों नाहीं.

पन्नास वर्षांनंतर मीं तो हत्ती त्याच्यापुढें ठेवून सारें कबूल केलें. तो हंसला आणि म्हणाला, “मार बसलेला आठवत नाहीं. पण हत्ती तुझ्याकडे होता, तें मला तेव्हांच ठाऊक होतें.” म्हणजे इतकीं वर्षें गुपित माझें एकट्याचेंच नव्हतें, तें सांभाळण्याचा थोरपणा मात्र त्याचा एकट्याचा होता. दांत घासण्याच्या निरुपद्रवी पेस्टनेंहि एका बऱ्या घरच्या मुलाला नासाडी, चोरी आणि मौन या तीन गोष्टी एका सकाळीं शिकविल्या. मग बाटलीची काय कथा!

आपल्या राज्यांत या बाबतींत कायदा आहे. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आज महाराष्ट्राच्या नांवानें चालतो. मद्यपानास उत्तेजन देणाऱ्या जाहिरातींना त्यांत मनाई आहे. दूरचित्रवाणीवरील तसल्या जाहिरातींना १९९४ च्या केबल नियमांनीं अटकाव केला. व्हिस्कीसारखें कडक मद्य घेण्यास येथें पंचवीस वर्षें पुरीं असावीं लागतात. हे नियम योग्यच आहेत. परंतु कायदा दुकानाच्या दाराशीं उभा राहतो. प्रवासी पेटींतून कापसांत गुंडाळून आलेल्या शिपायाला ओसरीवर कोण अडविणार? तें काम घरांतल्या माणसांचें.

येथें मला शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’ची आठवण होते. चारुदत्ताचा मुलगा रोहसेन शेजाऱ्याच्या मुलाच्या सोन्याच्या गाडीशीं खेळलेला असतो. ती गाडी नेल्यावर दासी रदनिका त्याला मातीची करून देते, पण तो सोन्याचीसाठीं रडतो. वसंतसेनेला दया येते, आणि ती अंगावरचे दागिने काढून मातीच्या गाडींत भरते. शाळेंत हा प्रसंग शिकवितांना आपण वसंतसेनेच्या औदार्यापाशीं थांबतों. पण नाटक पुढें जातें. तेच दागिने न्यायसभेंत विदूषक मैत्रेयाच्या काखेंतून खालीं पडतात, आणि निरपराध चारुदत्तावरील खुनाच्या आरोपाला पुरावा होऊन बसतात. मुलाचें रडें थांबविण्यासाठीं दिलेलें सोनें बापाच्या गळ्याशीं येतें. दात्याचा हेतु येथें अत्यंत शुद्ध होता, तरी एवढा अनर्थ. मग जेथें दात्याचा हेतु केवळ विक्रीचा, तेथें घेणारानें किती जपावें!

याचा अर्थ मुलांनीं कांहीं जमवूंच नये असा मुळींच नाहीं. तिकिटें, नाणीं, शंख, पिसें जमविणारें मूल पाहावयास, निवडावयास, जुळवावयास शिकतें. आपल्या शास्त्रकारांनीं ‘अपरिग्रह’ सांगितला, पण ज्ञानाच्या संग्रहास कोणीं दोष दिला नाहीं. मला या दोहोंतला भेद असा वाटतो: जी वस्तु आपण शोधीत जातों तो संग्रह, जी वस्तु आपल्याला ओढीत नेते तो परिग्रह. शंख वेंचणाऱ्या मुलाला समुद्र “आणखी एक बाटली आण” असें सांगत नाहीं. म्हणून मुलाच्या हातीं कोणतेंहि फुकट खेळणें आलें, तर तें हिसकावून घेऊं नये. तें कोणत्या वस्तूबरोबर आलें, तें कोणीं दिलें आणि कां दिलें, एवढें मात्र त्याच्याशीं बसून बोलावें. मूल आपण समजतों त्याहून पुष्कळ अधिक समजतें.

आम्हींहि तेंच केलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं पुतण्यानें स्वतःच नातवाला जवळ घेतलें आणि एकवीस बाटल्यांचा हिशेब त्याला सांगितला. कांहीं लपविलें नाहीं. नातवानें बराच वेळ विचार करून विचारलें, “म्हणजे घोडा मुद्दामच कमी ठेवतात?” पुतण्या म्हणाला, “कुणास ठाऊक! पण मी घोड्यासाठीं थांबलों नाहीं, एवढें खरें.” मग दोघेहि ओढ्याकांठीं गेले, माती घेऊन आले, आणि दुपारभर घोडेस्वार घडवीत बसले. घोडा कांहीं ठीक साधला नाहीं. पाय वरचें ओझें पेलीनात. शेवटीं आंत आगकाडीच्या काड्या खुपसाव्या लागल्या. मान बकऱ्यासारखी झाली. वहिनींनीं पाहून विचारलें, “हा घोडा कीं शेळगांवची शेळी?” सगळे पोट धरून हंसले, नातू मात्र मुळींच रागावला नाहीं. त्यानें त्या घोडेस्वाराला अकरा विलायती शिपायांच्या पुढें, सरदार म्हणून उभें केलें.

दिवाळी झाली, किल्ला मोडला, माती पुन्हां परसांत गेली. पुतण्यानें बाराव्या शिपायाचा नाद सोडला कीं नाहीं, तें मीं विचारलें नाहीं. वयांत आलेल्या माणसाला सारेंच विचारूं नये. पण जातांना ती पेटी तो आमच्याच कपाटांत ठेवून गेला. परवां पुस्तकें काढतांना मीं ती उघडून पाहिली. कापसांत अकरा शिपाई ओळीनें निजले होते, आणि बाराव्या घरांत तो वांकड्या मानेचा मातीचा घोडा होता. एक पाय वाटेंत कोठें तुटला होता. नातवानें तो तुकडाहि कागदांत बांधून शेजारीं ठेवला होता.