रसद तोडली, तरी किल्ला का पडत नाही? : कर्करोगाच्या रक्तवाहिन्यांवरचे उपचार

मागच्या रांगेपर्यंत आवाज येतोय ना? ठीक.

आज आपण कर्करोगावरच्या अशा औषधांबद्दल बोलणार आहोत, ज्यांचा मुख्य रोख कर्करोगाच्या पेशीवर नसतोच. तिला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांवर असतो. रुग्णाच्या फाइलमध्ये तुम्ही ‘बेव्हासिझुमॅब’ असं नाव वाचलं असेल. ‘हे औषध गाठीचा रक्तपुरवठा तोडतं’ असं कानावर आलं, की घरची माणसं साहजिकच विचारतात, ‘मग गाठ मरेल ना?’ या एका प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर समजून घेणं, एवढंच आजचं काम.

सुरुवात रक्तापासून करू. शरीरातल्या प्रत्येक पेशीला प्राणवायू लागतो, आणि तो सगळ्यात बारीक रक्तवाहिनीतून, म्हणजे केशवाहिनीतून, झिरपत तिच्यापर्यंत पोहोचतो. हे झिरपणं फार लांब जात नाही. साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटर, बस्स. त्यापलीकडची पेशी गुदमरते. आता एखादी गाठ वाढू लागली आणि तिच्यात नव्या रक्तवाहिन्या शिरल्याच नाहीत, तर काय होईल? ती मोहरीच्या दाण्याएवढी होईल आणि अडकून पडेल.

हे पहिल्यांदा नीट पाहिलं ज्युडा फोकमन या अमेरिकन शल्यचिकित्सकाने. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ते नौदलाच्या प्रयोगशाळेत काम करत होते. प्राण्याच्या शरीरातून काढलेली थायरॉइड ग्रंथी काचेच्या भांड्यात जिवंत ठेवायची आणि तिच्यात कर्करोगाच्या पेशी सोडायच्या, असा प्रयोग होता. गाठी झाल्या, पण एक-दोन मिलिमीटरवर थांबल्या. मेल्या नव्हत्या हं. त्याच गाठी जिवंत उंदरात लावल्या, तेव्हा त्या झपाट्याने वाढल्या. फरक कसला? उंदराच्या अंगात गाठीकडे नव्या रक्तवाहिन्या वाढत आल्या, भांड्यातल्या ग्रंथीत आल्या नाहीत. १९७१ मध्ये फोकमन यांनी लेख लिहून मांडलं की गाठ स्वतः रासायनिक निरोप पाठवून रक्तवाहिन्या बोलावून घेते, आणि तो निरोप अडवला तर गाठ रोखता येईल. आपल्या भाषेत सांगायचं तर, तटाला शिड्या लावत बसू नका, गडाची रसद तोडा.

बरीच वर्षं लोकांनी ही कल्पना फारशी मनावर घेतली नाही. मग निरोप सापडला. १९८३ मध्ये हॅरोल्ड ड्वोराक यांच्या गटाला गाठीतून स्रवणारं एक प्रथिन मिळालं, जे रक्तवाहिन्या झिरपत्या करतं. १९८९ मध्ये नेपोलिओन फेरारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तवाहिन्या वाढवणारं एक प्रथिन वेगळं काढलं आणि त्याला नाव दिलं व्हीईजीएफ. दोन्ही एकच निघाली! १९९३ मध्ये या प्रथिनाला पकडून ठेवणारी प्रतिपिंडं उंदरांना दिली, तर त्यांच्यातल्या मानवी गाठींची वाढ मंदावली. बेव्हासिझुमॅब हे त्याच प्रतिपिंडाचं माणसांसाठी घडवलेलं रूप.

याच काळात एक गंमत झाली, खरं तर गंमत म्हणू नये. मे १९९८ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या दैनिकाने पहिल्या पानावर बातमी छापली, की फोकमन यांच्या प्रयोगशाळेतल्या दोन प्रथिनांनी उंदरांच्या गाठी नाहीशा होतात. दुसऱ्याच दिवशी संबंधित कंपनीचा शेअर चौपट झाला. देशभरातून रुग्णांचे फोन सुरू झाले. फोकमन स्वतः मात्र सांगत राहिले की उंदराला कर्करोग झाला असेल तर आम्ही त्याची उत्तम काळजी घेऊ शकतो. माणसाचं अजून ठरायचंय. माणसांवरच्या चाचण्यांत उंदरांसारखा चमत्कार झाला नाही.

तरी कल्पना खोटी नव्हती. फेब्रुवारी २००४ मध्ये बेव्हासिझुमॅबला अमेरिकेत मान्यता मिळाली, मोठ्या आतड्याच्या पसरलेल्या कर्करोगासाठी. आधारभूत चाचणीत आठशेहून अधिक रुग्ण होते. नुसती केमोथेरपी घेतलेल्यांचा जगण्याचा मध्यक होता १५.६ महिने, केमोसोबत हे औषध घेतलेल्यांचा २०.३. मध्यक म्हणजे काय? सगळ्या रुग्णांची रांग लावली, तर मधोमध उभ्या असलेल्याचा आकडा. निम्मे त्याच्या अलीकडे, निम्मे पलीकडे. म्हणून ‘पावणेपाच महिने मिळतील’ असं कुणा एकाला सांगता येत नाही. पण फायदा खरा होता. गाठ मेली मात्र नव्हती.

आता स्तनाच्या कर्करोगाची कथा ऐका, कारण खरा धडा तिथे आहे. पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगात हे औषध जोडल्यावर रोग वाढल्याविना जाणारा काळ ५.९ महिन्यांवरून ११.८ महिन्यांवर गेला. जवळजवळ दुप्पट! २००८ मध्ये त्या आधारावर तात्पुरती मान्यता मिळाली. पण रुग्ण एकूण जास्त जगले का? नाही. पुढच्या चाचण्यांत तर आधीचा फायदाही पुष्कळ कमी दिसला, आणि दुष्परिणाम होतेच. नोव्हेंबर २०११ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने त्या आजारासाठीची मान्यता काढून घेतली. ‘गाठ वाढायची थांबली’ आणि ‘आयुष्य वाढलं’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत, मंडळी.

मग रसद तोडूनही किल्ला का पडत नाही? मुख्य कारणं तीन. एक, निरोप एकटा व्हीईजीएफ देत नाही. तो अडवला की गाठ दुसऱ्या प्रथिनांमार्फत बोलावणं पाठवते. दोन, काही गाठी नव्या वाहिन्या बांधतच नाहीत. यकृतात, फुप्फुसात, मेंदूत आधीपासून असलेल्या वाहिन्यांना चिकटून वाढतात. तीन, प्राणवायू कमी पडला की काही पेशी मरतात, पण काही अधिक चिवट होतात.

शिवाय मुळातच एक कोडं होतं. केमो गाठीपर्यंत पोहोचते रक्तातूनच. रक्तपुरवठा तोडला, तर केमो कमी पोहोचायला हवी. मग दोन्ही एकत्र दिल्यावर फायदा कसा? आयआयटी कानपूरमध्ये शिकलेले आणि पुढे बोस्टनमध्ये काम केलेले राकेश जैन यांनी २००१ मध्ये याचं एक उत्तर सुचवलं. गाठीच्या रक्तवाहिन्या मुळी धड नसतात. वाकड्यातिकड्या, गळक्या. वस्तीत घाईने टाकलेल्या नळजोडण्या आठवा : पाणी रस्त्यावर साचतं आणि शेवटच्या घरात थेंब येत नाही. औषध बेताच्या मात्रेत दिलं, तर फाजील जोड गळून पडतात, उरलेल्या वाहिन्या काही काळ नीट वाहतात, आणि केमो आतपर्यंत पोहोचते. म्हणजे ज्या औषधाकडून नळ तोडण्याची अपेक्षा होती, ते काही काळ नळ दुरुस्त करतं! प्रत्येक रुग्णात असंच होतं असं नाही, पण या विचाराने पुढची दिशा बदलली.

कुठे उपयोग जास्त, हेही आता कळतंय. मूत्रपिंडाच्या सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगात व्हीएचएल नावाचं जनुक बहुधा बिघडलेलं असतं. त्यामुळे पेशीला सतत प्राणवायू कमी असल्याचा भास होतो आणि ती भरमसाट व्हीईजीएफ सोडते. तिथे सुनिटिनिबसारख्या गोळ्या चांगल्या लागू पडल्या. यकृताच्या कर्करोगात २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बेव्हासिझुमॅबला ॲटेझोलिझुमॅब या इम्युनोथेरपीची जोड दिली. वर्षभराने त्या गटातले सुमारे ६७ टक्के रुग्ण हयात होते. सोराफेनिब या जुन्या गोळीच्या गटात सुमारे ५५ टक्के. व्हीईजीएफ रोगप्रतिकारक पेशींनाही दाबून ठेवतं, त्यामुळे ते अडवलं की या पेशींना गाठीत शिरायला वाट मिळते, असं यामागचं स्पष्टीकरण.

हे औषध चालू असेल, तर काय सांभाळायचं? व्हीईजीएफ निरोगी शरीरालाही लागतं. म्हणून रक्तदाब वाढतो, लघवीतून प्रथिनं जातात, जखम भरायला वेळ लागतो, रक्तस्राव होऊ शकतो. क्वचित आतड्याला छिद्र पडतं, म्हणून अचानक तीव्र पोटदुखी अंगावर काढू नका. ठरवून करायची शस्त्रक्रिया असेल, तर आधी आणि नंतर किमान २८ दिवसांचं अंतर ठेवतात. दात काढायला जाल, तेव्हाही दंतवैद्यांना आधी सांगा.

आणि उपचार ठरवताना डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. या आजारात, या टप्प्यावर, औषधाने आयुष्य वाढतं की फक्त गाठ थांबते? कशासोबत देणार? आणि कधी थांबवायचं, हे कशावरून ठरवणार? भारतात याच्या बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाशी मिळत्याजुळत्या, आवृत्त्या तयार होतात. तरी कित्येक कुटुंबांना हा खर्च जड जातो. जमीन विकायला काढण्याआधी हे विचारण्यात संकोच कसला?

*श्रोत्यांमधून प्रश्न : गाठीची रसद तोडायची, तर रुग्णाचं जेवण किंवा साखर कमी केली तर चालेल का?*

बरं झालं विचारलंत, कारण असं करणारी घरं आहेत. नाही, ताई. तुम्ही साखर दिली नाहीत, तरी शरीर यकृतातून, स्नायूंतून साखर तयार करून रक्तात ठेवतंच, आणि गाठ ती घेते. उपाशी राहतो तो रुग्ण. वजन उतरलं, अंगातली ताकद गेली, की उपचार सोसत नाहीत, कधी अर्ध्यावर सोडावे लागतात. मधुमेह असेल तर पथ्य पाळा. एरवी जे रुचेल, पचेल ते त्यांना पोटभर खाऊ द्या. गाठीची रसद तोडायचं काम औषधावर सोपवा. माणसाची रसद चालू ठेवणं हे घरच्यांचं काम.