महिलांच्या व्यावसायिक उन्नतीसाठी विद्यापीठांचे अर्थसाहाय्य : अर्ज कसा करावा

शेतकी पदवी घेतलेली मुलगी आज पुष्कळ गावांत आढळते. तिच्या शिक्षणापायी वडिलांनी चार-चार वर्षे उसाच्या वा सोयाबीनच्या पैशाला कात्री लावलेली असते. पुढे लग्न होते, मुलगी सासरी जाते, आणि पदवीपत्र कपड्यांच्या ट्रंकेत जाऊन बसते. दोन-चार वर्षांनी तिला वाटते की, पदव्युत्तर शिक्षण घ्यावे, एखादे संशोधन करावे अथवा एखाद्या विशेष विषयाचे प्रशिक्षण घ्यावे. घरची संमतीही असते. परंतु पैसा कोठून आणावयाचा, या प्रश्नाशी गाडी अडते. विद्यापीठांकडून अथवा विद्यापीठांमार्फत स्त्रियांना याकामी साहाय्य मिळू शकते, ही गोष्ट पुष्कळांना ऐकून माहीत असते. त्यासाठी अर्ज कसा करावयाचा, हे मात्र फारच थोड्यांना माहीत असते.

प्रथम हे साहाय्य कशा स्वरूपाचे असते ते पाहू. एक प्रकार शिष्यवृत्तीचा अथवा अधिछात्रवृत्तीचा. यात ठरावीक मुदतीपर्यंत दरमहा रक्कम मिळते. दुसरा प्रकार संशोधन-अनुदानाचा. यात रक्कम कामासाठी असते व ती बहुधा संस्थेच्या खात्यावर जमा होते, अर्जदाराच्या हाती पडत नाही. तिसरा प्रकार लहानसा, म्हणजे परिषदेस अथवा अल्प मुदतीच्या प्रशिक्षणास जाण्याचा प्रवासखर्च वा शुल्क मिळण्याचा. विद्यापीठ अनुदान आयोग व केंद्र शासनाचा विज्ञान आणि तंत्रज्ञान विभाग यांनीही स्त्रियांसाठी निराळ्या योजना काढल्या आहेत. संसारामुळे अथवा बाळंतपणामुळे ज्यांच्या कामात खंड पडला अशा स्त्रियांना पुन्हा संशोधनाकडे वळता यावे, म्हणून या विभागाने २००२-०३ मध्ये महिला शास्त्रज्ञ योजना सुरू केली. अशा योजनांची नावे, वयोमर्यादा व रकमा वेळोवेळी बदलत असतात. म्हणून कोणाच्या सांगण्यावर अथवा गेल्या वर्षीच्या कागदावर विसंबू नये. चालू वर्षाची जाहिरात मिळवून ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी. राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषी विद्यापीठांच्या सूचना त्यांच्या संकेतस्थळांवर प्रसिद्ध होतात.

असे साहाय्य घेणे म्हणजे कोणापुढे हात पसरणे होय, असा एक समज आपल्याकडे आहे. तो दूर होणे अवश्य आहे. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात १९१७ साली लेव्ही बार्बर यांच्या देणगीतून आशियातील स्त्रियांसाठी एक शिष्यवृत्ती स्थापन झाली. स्त्रियांनी उच्च शिक्षण घेऊन आपापल्या देशाच्या उपयोगी पडावे, हा तिचा हेतू. या शिष्यवृत्तीवर शिकलेल्या श्रीमती जानकी अम्मल यांनी १९३१ मध्ये तेथे डॉक्टरेट मिळविली आणि १९३४ पासून कोइंबतूरच्या ऊस पैदास केंद्रात उसाचा इतर गवतवर्गीय वनस्पतींशी संकर करण्याचे काम केले. आपल्याकडील शेतकरी जो को ८६०३२ ऊस लावतात, तो त्याच कोइंबतूरच्या संस्थेतून आलेला आहे. तो वाण जानकीबाईंच्या पुष्कळ नंतरचा. तथापि ऊस पैदाशीच्या ज्या परंपरेतून तो आला, तिच्यात त्यांच्याही कामाचा वाटा आहे.

दुसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे. श्रीमती कमला सोहोनी, माहेरच्या भागवत, यांना १९३३ मध्ये बंगलोरच्या विज्ञान संस्थेत केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारण्यात आला होता. त्यांनी तो हट्टाने व काही अटी पत्करून मिळविला, आणि तेथे दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम केले. पुढे मुंबई विद्यापीठाने दिलेल्या शिष्यवृत्तीच्या आधारे १९३७ मध्ये त्या केंब्रिजला गेल्या व १९३९ मध्ये तेथील डॉक्टरेट घेऊन परत आल्या. मुंबईच्या विज्ञान संस्थेत असताना त्यांनी नीरेच्या पोषणमूल्यावर संशोधन केले. कडधान्ये, दूध, नीरा हे सारे विषय आपल्या शेतातले व गोठ्यातलेच आहेत, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

आता अर्जाकडे वळू. अर्जाचा प्राण म्हणजे त्यातील उद्देशाचे निवेदन. आमच्याकडे भगिनी आपले अर्ज दाखवावयास आणतात, त्यांत बहुधा 'ग्रामीण महिलांचे सक्षमीकरण करणे' असा उद्देश लिहिलेला असतो. हे वाक्य चुकीचे नाही, पण ते कोणाच्याही अर्जात बसेल. शंभर अर्ज वाचणाऱ्या परीक्षकास त्यावरून काहीच बोध होत नाही. काम नेमके काय, कोठे, किती व कशाने मोजणार, हे त्यास हवे असते.

समजा, एखाद्या भगिनीस हरभऱ्याच्या साठवणीवर काम करावयाचे आहे. कडधान्यातील भुंगेरा दाण्यावर अंडी घालतो, अळी दाण्याच्या आत शिरून तो पोखरते आणि पुढे भुंगेरा होऊन बाहेर पडताना वाटोळे छिद्र मागे ठेवते. घरातील साठवण बहुतेक स्त्रियाच पाहतात. कोणी राख मिसळते, कोणी कडुनिंबाचा पाला घालते, कोणी एरंडेल चोळते, तर कोणी हवाबंद पिशवी वापरू लागली आहे. तेव्हा अर्जात असे लिहावे : एका गावातील दहा घरांत या चारही रीतींनी प्रत्येकी पाच किलो हरभरा सहा महिने साठवून दर महिन्याला प्रत्येक नमुन्यातील शंभर दाणे तपासावयाचे व त्यांतील छिद्र पडलेले दाणे मोजावयाचे. एवढ्या चार ओळींत काम उभे राहते. 'सक्षमीकरण' हा शब्द न लिहिताही ते कोणाच्या उपयोगाचे आहे, हे परीक्षकास कळते.

खर्चाचा अंदाजही मग आपोआप निघतो. दहा घरे, चार रीती, पाच किलो, म्हणजे दोनशे किलो हरभरा झाला. त्याचा भाव बाजार समितीच्या चालू दराने धरावा. सुरुवातीची एक फेरी व नंतर दरमहा एक, अशा सात फेऱ्यांचे एस.टी.चे भाडे. पिशव्या, एरंडेल, तराजू, नोंदवह्या. मागावयाची रक्कम ठोकळ आकड्यात लिहून मग तिला खर्च जुळवीत बसणे ही उलटी रीत होय, आणि परीक्षकांच्या ती तात्काळ लक्षात येते. काटकसर दिसावी म्हणून रक्कम फार कमी मागणे हेही तितकेच वाईट. काम मध्येच अडले तर उरलेला खर्च बहुधा घरातून करावा लागतो, आणि मग घरातली संमती टिकत नाही.

शेतीविषयक कामात आणखी एक गोष्ट पुष्कळ वेळा नजरेआड होते, ती म्हणजे हंगाम. हरभरा फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो. अनुदान मे महिन्यात हाती आले, तर त्या सालचा माल आधीच कोठीत अथवा बाजारात गेलेला असतो आणि काम एक वर्ष पुढे ढकलावे लागते. तुरीचे काम असेल तर जूनपूर्वी मंजुरी हवी. म्हणून वेळापत्रक करताना 'पहिली तिमाही, दुसरी तिमाही' असे न लिहिता पेरणी, काढणी व साठवण यांचे महिने लिहावेत, आणि मंजुरीस विलंब झाल्यास काय करणार तेही एका वाक्यात सांगावे. ज्या परीक्षकास शेतीची माहिती आहे, तो याच ठिकाणी थांबून वाचतो.

आता कागदपत्रे. येथे ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांचे साहाय्य फार मोलाचे ठरते, कारण चांगले अर्ज अडतात ते पुष्कळदा येथेच. आपल्याकडे लग्नानंतर मुलीचे आडनाव बदलते, वडिलांच्या नावाच्या जागी पतीचे नाव येते, आणि काही घराण्यांत तिचे स्वतःचे नावही बदलण्याची चाल आहे. म्हणजे नावाच्या तीन शब्दांपैकी तीनही निराळे! पदवीपत्रावर एक नाव, आधारपत्रावर दुसरे, बँकेच्या पुस्तकात तिसरे. छाननी करणाऱ्या लिपिकाच्या दृष्टीने त्या तीन निरनिराळ्या व्यक्ती ठरतात. यावर पहिला उपाय विवाह नोंदणीचा. महाराष्ट्रात १९९८ च्या अधिनियमान्वये ही नोंदणी होते व ग्रामीण भागात ग्रामसेवक, ज्यांचे पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी असे झाले आहे, तेच विवाह निबंधकाचे काम करतात. लग्न होताच नोंदणी करून घेतली, तर पुढील खटाटोप पुष्कळ वाचतो. स्वतःचे नावच बदलले असेल तर राजपत्रात नावबदलाची जाहिरात द्यावी लागते. तिला वेळ लागतो, म्हणून ती अर्जाच्या महिन्यात नव्हे, तर बऱ्याच आधी द्यावी. मुलीने पदवीवरील नावच सर्वत्र कायम ठेवले, तर यातले काहीच करावे लागत नाही. लग्नानंतर नाव बदलण्याची कायद्याने सक्ती नाही, हेही घरातील वडीलधाऱ्यांस या निमित्ताने सांगावयास हरकत नाही.

उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून मिळतो. जेथे जाहिरातीत तो मागितला असेल, तेथे तो चालू मुदतीचाच असावा. गुणपत्रकांच्या प्रती स्वसाक्षांकित करून एकत्र बांधून ठेवाव्यात.

नोकरीत असलेल्या भगिनींनी अर्ज योग्य मार्गाने, म्हणजे आपल्या कार्यालयामार्फत पाठवावयाचा असतो व त्यासाठी वरिष्ठांचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. याबाबतीत प्रस्तुत लेखकाच्या हातूनच एकदा चूक घडली. आमच्या हाताखालील एका भगिनीचा असा अर्ज पीक पाहणीच्या धांदलीत एकोणीस दिवस टेबलावर पडून राहिला आणि मुदत टळली. तिने तक्रार केली नाही, हे अधिकच बोचले. पुढील वर्षी तिचा अर्ज आम्ही ज्या दिवशी आला त्याच दिवशी सही करून पाठविला, परंतु तोवर तिने वयोमर्यादा ओलांडली होती. तेव्हा भगिनींनी अर्ज देताना आवक क्रमांक व दिनांक असलेली पोच अवश्य घ्यावी, आठवड्याने चौकशी करावी, आणि चौकशी करण्यात संकोच मानू नये. जाहिरातीत मुभा असेल तर अर्जाची आगाऊ प्रत परस्पर पाठवून ठेवावी.

शिफारसपत्र मोठ्या पदावरील माणसाकडून घेण्याचा मोह असतो. ज्याने अर्जदाराचे काम कधी पाहिलेले नाही, अशा पुढाऱ्याच्या पत्रापेक्षा ज्याने तिला प्रयोगशाळेत अथवा शेतावर काम करताना पाहिले आहे, त्या अध्यापकाचे पत्र अधिक वजनदार ठरते. त्यांना पत्र लिहावयास निदान तीन आठवडे द्यावेत व सोबत आपले निवेदन वाचावयास द्यावे.

कामात पडलेला खंड लपवू नये. कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत व कशामुळे, हे सरळ लिहावे. त्या काळात घरच्या शेतीचे हिशेब ठेवले असतील, बचत गट चालविला असेल, तर तेही लिहावे. पीएच.डी. करणाऱ्या स्त्रियांना विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे कमाल मुदतीत दोन वर्षांची सवलत मिळू शकते, तसेच प्रसूती व बालसंगोपनासाठी संपूर्ण काळात एकदा २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते. कृषी विद्यापीठांचे स्वतःचे शैक्षणिक नियम असतात, म्हणून तेथे प्रवेश घेणारीने ही बाब कुलसचिव कार्यालयात लेखी विचारून घ्यावी.

अर्ज नामंजूर झाल्यास कारण मागण्याचे पत्र नम्रपणे पाठवावे. परीक्षकांचे अभिप्राय मिळाले तर पुढील अर्ज त्यांवरूनच सुधारावा. मंजूर झाल्यास पहिल्या दिवसापासून प्रत्येक पावती तारखेनुसार चिकटवून ठेवावी. वर्षअखेर विनियोग प्रमाणपत्र द्यावे लागते, आणि ते गेल्याखेरीज पुढचा हप्ता सुटत नाही. एस.टी.चे तिकीट उन्हाने पुसट होते, त्याची छायाप्रत त्याच आठवड्यात काढून ठेवावी.