राजाने कारभार रयतेला दिला

पूर्वी राजा म्हणेल तो कायदा असे. रयतेने सारा भरावा आणि हुकूम पाळावा. मग काळ बदलला. शाळा निघाल्या, आगगाडी आली, वर्तमानपत्रे आली. लोक विचारू लागले, "पैसा आमचा, मग हिशेब आम्हाला का नाही?"

अशा वेळी राजाने काय करावे? काही राजे अडून बसले. काठेवाडातल्या राजकोट संस्थानात राजा आणि प्रजा यांचा मोठा झगडा झाला. १९३९ साली गांधीजींना तेथे उपोषण करावे लागले. आपल्याकडच्या औंध संस्थानाने मात्र दुसरी वाट धरली.

औंध हे सातारा भागातले लहानसे संस्थान. गावे अवघी ७२, आणि तीही विखुरलेली. राजे होते भवानराव पंतप्रतिनिधी. सूर्यनमस्काराचा प्रसार करणारे राजे ते हेच. माणूस जुन्या वळणाचा, पण नव्याला भिणारा नव्हे. १९१० साली त्यांनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी कुंडलजवळचा माळ दिला. तेथे किर्लोस्करवाडी वसली आणि लोखंडी नांगर तयार होऊ लागले.

पुढे १९३८ साली राजांनी जाहीर केले, "राज्याचा कारभार प्रजेने करावा." त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत आणि पोलंड देशाचे इंजिनियर मॉरिस फ्रीडमन यांचा या कामात मोठा वाटा होता. मंडळी वर्ध्याला गांधीजींकडे गेली. त्यांच्या सल्ल्याने राज्यघटना तयार झाली. २१ जानेवारी १९३९ रोजी ती प्रजेला दिली.

घटनेचा पाया होता गाव. गावकऱ्यांनी पंच निवडायचे. गावाची कामे आणि तंटे पंचायतीने पाहायचे. तिच्यावर तालुक्याची सभा, आणि त्यावर साऱ्या राज्याची. राजाच्या खासगी खर्चालाही मर्यादा घातली. हुकूम करणारा राजा आता सल्ला देणारा वडीलधारा झाला.

त्याच साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसले. तेथे कैद्यांना बेड्या नव्हत्या, भिंत नव्हती. ते शेती करून राहत. 'दो आँखें बारह हाथ' हा १९५७ सालचा बोलपट त्यावरूनच सुचला.

सगळे सोपे होते असे नाही. पिढ्यान्‌पिढ्या "सरकार म्हणतील तसं" म्हणायची सवय. राजाने एकदम "तुम्हीच ठरवा" म्हटल्यावर माणूस गोंधळणारच. सत्ता एका दिवसात देता येते, पण ती चालवायला शिकायला वेळ लागतो.

८ मार्च १९४८ रोजी औंध संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. राजेपण संपले. १९५१ साली भवानराव वारले. पण त्यांचे नाव लोक आजही आदराने घेतात. धरून ठेवलेली सत्ता कधीतरी जातेच. त्यांनी ती वेळेवर आणि आपल्या हाताने दिली.

आज आपल्या गावाला ग्रामसभा आहे. १९९३ पासून देशाच्या घटनेनेच तिला स्थान दिले आहे. तेथे गावच्या पैशाचा हिशेब मांडतात. आता तुम्हाला वाचता येते. तेव्हा सभेला जा, हिशेबाचा कागद मागा आणि स्वतः वाचून पाहा. कारभार हातात येणे म्हणजे तरी दुसरे काय?