अंगणात पाणी तुंबतंय? आधी छपराकडे बघा!

कोकणात पावसाळ्यात जोत्याला पाणी लागून राहिलं की भिंतींना ओल चढतेच. लगेच गटार खणायला घेऊ नका. भर पावसात छत्री घेऊन बाहेर उभे राहा आणि पाणी येतं कुठून ते बघा.

पुष्कळदा मूळ पागोळ्यांतच असतं. १०० चौरस मीटर छपरावर १० मिमी पाऊस पडला, तर १,००० लिटर पाणी जोत्याशी येतं! पन्हळ लावून ते लांब न्या, निम्मं काम तिथेच होतं.

मग उतार. घरापासून पहिल्या १० फुटांत माती ५-६ इंच उतरलेली हवी. गवंड्याच्या लेव्हल पाइपने मापा, डोळ्यांवर विसंबू नका.

शोषखड्डा करायचाय? दोन फुटी खड्डा खणून पाण्याने भरा, जिरलं की पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच असेल, तर खाली कातळ किंवा चिकणमाती आहे. तिथे उघडा चरच बरा. ही परीक्षा पावसाळ्यातच घ्या, कारण तेव्हा भूजल वर आलेलं असतं. उन्हाळ्यात तर कुठलाही खड्डा पाणी पितो.

आणि चराचं तोंड शेजाऱ्याच्या अंगणात नको, थेट पऱ्ह्याला काढा.